रकाना सातवा : आगीचं कारण

वहिनी आणि वन्सं या नणंद-भावजयींचं साऱ्या जगाबद्दल एकमत होतं. हल्लीच्या कपांचे कान धड बसवलेले नसतात, समोरच्या घरातला जावई आळशी आहे, आणि दुपारी जेवण झाल्यावर येतो तो पाहुणा नसून शिक्षा असते. एकीने तोंड उघडावं आणि दुसरीने वाक्य पुरं करावं. फक्त एका गोष्टीवरून चौतीस वर्षं दोघी एकमेकींसमोर शड्डू ठोकून उभ्या होत्या. अडगळीच्या खोलीत आग लागली त्या दिवशी इस्त्री चालू कुणी ठेवली होती?

"वहिनी, तुम्ही," वन्सं म्हणायच्या. "पोस्टात जायची घाई. कॉलरवर फिरवलीत आणि तशीच टाकून पळालात."

"वन्सं, तुम्ही," वहिनी म्हणायच्या. "गिऱ्हाइकाच्या झग्याला चुण्या पाडत होता सकाळपासून. हातात इस्त्री, तोंडात टाचण्या आणि लक्ष खिडकीबाहेर."

त्या काळी घरात इस्त्री एकच असायची. वहिनी पोस्टातल्या तिकिटांच्या खिडकीवर, वन्सं घरी शिवणाच्या यंत्रावर, त्यामुळे ती इस्त्री सकाळभर या हातातून त्या हातात फिरायची. तेव्हा दोष कुणालाही चिकटला असता, आणि चिकटत होता. कुणीही पाहुणा आला आणि मागच्या खोलीतल्या निळसर भिंतीकडे त्याची नजर गेली, की खटला नव्याने उभा राहायचा.

गंमत अशी, की आग इस्त्रीने लागलीच नव्हती. हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

आग लावली होती त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे वन्संच्या सख्ख्या भावाने. आणि हा गृहस्थ कोण? तर अग्निशामक दलात सारी हयात घालवलेला, शाळाशाळांतून आगीपासून कसं वाचावं यावर व्याख्यानं देणारा, अख्खं गाव ज्याला बंबवाले साहेब म्हणायचं तो माणूस. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची तालीम करावी म्हणून, घरात कुणी नाही असं पाहून, त्यांनी अडगळीच्या खोलीचं दार लावून घेतलं. पत्र्याच्या ताटात रॉकेलचा बोळा पेटवला आणि समोर मुलं बसली आहेत असं समजून बोलायला लागले. बोलता बोलता हात जरा जास्तच फिरला. फळीपुढचा पोपटांचा पडदा पेटला. साहेबांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं ओढलं, तर ते रिकामं. परवाच एका शाळेत मुलांना दाखवायला उडवलेलं. मग धावले न्हाणीघरात. तिथे वन्संनी नवी निळी चादर भिजत घातली होती. ती बादली चादरीसकट आणून भिंतीवर उपडी केली. आग विझली, पण चादरीचा रंग इतका कच्चा निघाला की भिंत कमरेएवढी निळी झाली. पुढे सात वेळा पांढरा रंग दिला, तरी हवा जरा दमट झाली की निळा आतून डोकावायचाच.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात साहेबांनी वहिनींना खरं काय ते सांगितलं. कान लालबुंद झालेले.

"इस्त्रीने लागली असं मी सगळ्यांना सांगितलंय," ते म्हणाले. "आगवाल्याच्याच घराला आगवाल्याने आग लावली असं कळलं, तर मला शाळेच्या फाटकात तरी कोण उभं करेल? शपथ घे. आणि धाकटीला तर मुळीच सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

वहिनींनी शपथ घेतली. मग लोकांनी विचारलं, इस्त्री कुणाची? गप्प बसावं तर संशय येतो. म्हणून वहिनींनी नणंदेकडे बोट दाखवलं. नणंदेने तितक्याच तडफेने त्यांच्याकडे दाखवलं. बिचारीला खरं माहीत नाही, असं म्हणून वहिनी मनातल्या मनात तिची माफी मागत आणि वर जोरात भांडत. साहेब जाऊन नऊ वर्षं झाली होती. माणूस असताना दिलेला शब्द मोडला तर त्याच्या पाया पडता येतं, पण गेलेल्याची माफी कुठे जाऊन मागायची?

आता घर विकायला काढलं होतं, त्याला कारण वहिनींचे गुडघे. घराला सोळा पायऱ्या. वर्षभर त्या शिडी उतरावी तशा पाठमोऱ्या उतरत होत्या, आणि वन्सं खाली उभ्या राहून "अजून तीन, वहिनी, अजून दोन," असं मोजत होत्या. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या ठरल्या होत्या. मध्ये एकच भिंत. "ठोकली की ऐकू येईल एवढी पातळ आहे ना?" एवढंच वन्संनी ती जागा बघताना विचारलं होतं.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. चष्म्याचं दुकान चालवणारा तरुण आणि त्याची बायको. तिला आठवा महिना. मागची अडगळीची खोली बाळासाठी, हे तिने पहिल्याच फेरीत ठरवून टाकलं होतं. पण त्यांना कोपऱ्यावरचं पिवळं घरही पसंत होतं. शनिवारी दुपारी बारापर्यंत सगळे कागद हातात आले तर हे घर, नाहीतर पिवळं.

शनिवारी नऊ वाजता घरांचा एजंट आला. हा माणूस चालायचा म्हणून नाही, नेहमी पळायचाच. पहिल्याच दिवशी त्याने घरातले सगळे फोटो उतरवून ठेवायला लावले होते. गिऱ्हाइकाला घर आपलं वाटलं पाहिजे, दुसऱ्याचा नवरा भिंतीवरून बघत असला की वाटत नाही, असं त्याचं शास्त्र. त्यामुळे साहेबांचा गणवेशातला फोटो आठवडाभर स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून उभा होता.

"मोठ्या काकू, धाकट्या काकू, आज फक्त हा एक फॉर्म," एजंट म्हणाला. "आगीबद्दलची माहिती. घर घेणाऱ्याला सगळं लेखी सांगावं लागतं. अर्ध्या तासाचं काम. धूर झाला की वाजणारी घंटा आहे का?"

"आहे की," वन्सं म्हणाल्या.

"कुठे?"

वन्संनी वर बोट केलं. छताला लोकरीची पांढरी टोपी लटकत होती.

"ती टोपी आहे, काकू."

"टोपीच्या आत घंटा आहे. तवा जरा तापला की बोंबलायची. म्हणून मी विणली."

"काढा ती!"

"एकोणीस वर्षांची सवय आहे तिला. गारठेल," वहिनी म्हणाल्या.

एजंट स्टुलावर चढला, टोपी काढली आणि आपल्या टॉर्चमधला सेल घंटेत घातला. घंटा अशी किंचाळली की तो स्टुलावरून थेट जमिनीवर. समोरच्या घरातला आळशी जावईसुद्धा उठून खिडकीत आला.

"चालू आहे, असं लिहितो," एजंट कान चोळत म्हणाला. "मागचा दरवाजा उघडतो?"

"उघडतो. खाली डाव्या कोपऱ्यात लाथ घालायची, मग कडी वर उचलायची."

"नुसतं 'उघडतो' लिहू?"

"लाथेने उघडतो असं लिहा," वहिनी म्हणाल्या. "ती पोरगी पोटुशी आहे. ऐन वेळी नुसती कडी खेचत बसली म्हणजे?"

एजंटने लिहिलं. अशा तऱ्हेने सहा रकाने पार पडले आणि सातवा आला. या घरात कधी आग लागली होती का? कधी, कुठे, कशाने?

"वहिनींच्या इस्त्रीने."

"वन्संच्या इस्त्रीने."

एजंटला हा खटला माहीत होता. त्याने दोन्ही हात वर केले. "कुणाची का असेना, 'इस्त्री' एवढंच लिहू." पेन टेकवलं आणि तसंच थांबवलं. खालची बारीक अक्षरं वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला. "काकू, घोटाळा आहे. कारण विजेचं असेल तर वायरमनचा दाखला जोडायचा. भिंती फोडून आतल्या तारा तपासाव्या लागतात. वायरमन पुढच्या महिन्यापर्यंत मोकळा नाही. आणि ते दोघं बारा वाजता येणार." त्याने कपाळ पुसलं. "नक्की इस्त्रीच होती ना?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा दोघींपैकी एकीनेही दुसरीकडे बोट दाखवलं नाही.

एजंटने पाठ-पोट फॉर्म वाचला, कुठे फट सापडते का ते पाहिलं. सापडली ती भलतीच. मालक दोन असतील तर प्रत्येकाने आपापला फॉर्म स्वतंत्र भरून सही करायची. त्याला उगाचच बरं वाटलं. निदान दोघींना वेगळं तरी बसवता येईल. "मोठ्या काकू, तुम्ही स्वयंपाकघरात. धाकट्या काकू, तुम्ही बाहेर. एकमेकींशी बोलायचं नाही. आणि जे खरं तेच लिहा, काकू. माहिती खोटी निघाली तर व्यवहार रद्द, असं खाली छापलंय."

"पाणी प्यायला उठलं तर चालेल का, मास्तर?" वन्संनी विचारलं.

वहिनी स्वयंपाकघरात बसल्या. समोर पिठाचा डबा, डब्याला टेकून साहेब. टोपी, पितळी बटणं, आणि जगाला उपदेश करायला निघालेली मिशी.

"बघा," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमची तालीम अजून संपलेली नाही."

इस्त्री लिहिली तर पिवळं घर जिंकतं आणि सोळा पायऱ्या राहतात. रकाना कोरा ठेवला तर फॉर्म परत. आणि खरं लिहिलं, तर ज्या माणसाने गावातल्या पोरांना आगीपासून वाचायला शिकवलं, त्याची फजिती त्याच्या बायकोच्या अक्षरात, सहीनिशी. हजारो पाकिटांवर शिक्का मारलेला तो हात फॉर्मवर येऊन थबकला. शिक्का एकदा बसला की बसला.

मग त्यांना ती पोरगी आठवली. मागच्या भिंतीला तळवा लावून नवऱ्याला म्हणाली होती, "पाळणा इथे." ज्या भिंतीला पाळणा लागणार, तिचीच गोष्ट तिला खोटी सांगायची? उद्या तिने तारांच्या धास्तीने जागायचं, आणि तारा बिचाऱ्या निर्दोष?

"तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?" त्यांनी फोटोला विचारलं. आणि उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्या आणखीनच चिडल्या. साहेबांनी 'इस्त्री'च लिहिलं असतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: 'कारण इतर. आमच्या ह्यांनी लावली, व्याख्यानाची तालीम करताना. नळकांडं रिकामं होतं. विजेचा काही संबंध नाही. माणूस चांगला होता.' सही केली. मग जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात भर घातली: 'हा कागद कृपया माझ्या नणंदेला दाखवू नये. तिला भाऊ म्हणजे देव आहे.'

घडी घालून त्यांनी कागद एजंटच्या हातात दिला. वन्संचा आधीच त्याच्याकडे होता. एजंटने एक उघडला, वाचला. दुसरा उघडला, वाचला. परत पहिला वाचला. मग तो खुर्चीवर बसला. त्या माणसाला बसलेलं दोघींनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता मी काय करू?" तो म्हणाला. "दोघींनी लिहिलंय, दुसरीला दाखवू नका."

"काय दाखवू नका?" दोघी एकदम म्हणाल्या.

एजंटने कागदांची अदलाबदल करून दोघींच्या हातात दिले आणि जरा मागे सरकून बसला.

वन्संच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'कारण इतर. माझ्या दादाने. बोळा पेटवून भाषण करत होता. पडदा पेटला. माझी चादर फुकट गेली. हे माझ्या वहिनींना कळू देऊ नये, त्यांना सोसणार नाही.'

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" वन्सं म्हणाल्या.

"त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी मला. इथे, स्वयंपाकघरात."

"मला दुपारीच सांगितलं. न्हाणीघराच्या दारात. माझ्या गळ्याची शपथ घातली. म्हणाला, वहिनीला कळलं तर ती मला जन्मभर जगू देणार नाही."

"मी? मी जगू देणार नाही? आणि मला म्हणाले, धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"तीळ?" वन्सं उठून उभ्याच राहिल्या. "चौतीस वर्षं धरलाय मी तोंडात! झाड आलं असतं त्याला!"

"मग येईल त्या पाहुण्यापुढे माझ्या नावाने शंख करायचात तो?"

"नसता केला तर लोकांनी विचारलं असतं, मग लागली कशाने? दादाला वाचवायला मी तुमच्यावर ढकलत होते. मनात दर वेळी तुमची माफी मागायची हो मी."

"मीपण मागायची," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं मी निर्दोष, मला माहीत होतं तुम्ही निर्दोष, आणि आपण दोघी..."

"त्या पोस्टमास्तरीणबाईंच्या समोर तर तुम्ही रडला होता, वहिनी!"

"ते जमून गेलं."

हसता हसता वन्सं एकाएकी थांबल्या. "पण आता हे त्या दोघांना दाखवायचं? दादाचं नाव..."

वहिनींचंही हसू मावळलं. एकमेकींपासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण बाहेरचं जग तसंच होतं. आणि जिन्यावर पावलं वाजत होती.

चष्मेवाला पुढे, त्याची बायको धापा टाकत मागे. एजंटने कागद पुढे केले, मोठ्या काळजीने, तापलेलं भांडं द्यावं तसे. चष्मेवाल्याने दोन्ही कागद नाकाजवळ धरून वाचले. वाचता वाचता तो मध्येच थांबला.

"काकू," तो म्हणाला. "पडदा पोपटांचा होता का?"

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. पोपट दोघींपैकी कुणीच लिहिले नव्हते.

"आणि बादलीत निळी चादर? आणि भिंत निळी झाली?" तो एजंटला ओलांडून मागच्या खोलीत गेला. पाठोपाठ त्याची बायको. दोघांनी खोकी बाजूला सारली, फळीमागे पाहिलं, आणि आतून तिची किंकाळी आली. "अहो, निळी भिंत! खरीच आहे!"

"तुम्हाला कसं माहीत?" वन्संनी दारातून विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत आहे, काकू. चौथीत असताना बंबवाले साहेब आमच्या शाळेत आले होते. हिच्या शाळेत पण. त्यांचं हे घर? फोटो-बिटो कुठे दिसला नाही. त्यांची सगळ्यात भारी गोष्ट हीच होती. 'माझ्या ओळखीचा एक दीडशहाणा गृहस्थ होता,' अशी सुरुवात करायचे. मग ताट, बोळा, पोपट. नळकांडं रिकामं निघालं की आम्ही सगळे ओरडायचो, 'आता चादर!'"

"ओळखीचा गृहस्थ?" वहिनी म्हणाल्या.

"नावापुरता हो. सांगताना त्यांचे कान असे लाल व्हायचे की बालवाडीतल्या पोरालाही कळावं. मी घरचं नळकांडं दर वर्षी भरून घेतो ते त्या गोष्टीमुळे."

"आणि शेवट सांगा ना," त्याची बायको म्हणाली. "आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, घरचे रागावले नाहीत का त्याला? तर म्हणाले, त्याच्या घरात दोन बायका आहेत. विझवायचं काम सोपं होतं, पुढचं त्या दोघींनी निभावलं. दोघींना वाटतं एकमेकींना माहीत नाही, आणि त्याची काही सांगायची हिंमत होत नाही."

छतावरच्या घंटेतला लाल दिवा तेवढा मिचमिचत होता.

वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फोटो घेऊन आल्या. तो त्यांनी मेजावर सगळ्यांसमोर उभा केला.

"गावभर सांगत हिंडलात," त्या फोटोला म्हणाल्या. "पोरासोरांना. आणि आम्हाला गळ्याच्या शपथा."

"माझा गळा," वन्सं म्हणाल्या. "दादा, बघून घेते तुला, थांब." मग डोळे पुसत त्यांनी पदराने फोटोची काचही पुसून घेतली.

"मग सही?" एजंटने घड्याळ पाहत विचारलं. बाराला पाच कमी होते.

चष्मेवाल्याने खिशातून पेन काढलं. त्याच्या बायकोने एकच अट घातली, की जाण्याआधी ती भिंत पुन्हा पांढरी करायची नाही. "बाळाला गोष्ट सांगताना दाखवायला हवी." शिवाय लोकरीची टोपी तिने मागून घेतली. घंटेला नको, बाळाला होईल म्हणाली. वन्संनी ती आधी धुऊन देईन असं सांगितलं, आणि मग मागच्या दाराला लाथ नेमकी कुठे घालायची ते तिला स्वतः करून दाखवलं. पोटुशी बाईने हसत हसत हलकी लाथ घातली. दार उघडलं.

सगळे गेल्यावर दोघी फॉर्मची एक प्रत मध्ये ठेवून बसल्या. सातव्या रकान्याकडे वन्सं बराच वेळ कौतुकाने पाहत होत्या.

"म्हणजे चौतीस वर्षांनी लेखी झालं," त्या म्हणाल्या. "इस्त्री माझी नव्हती. कबूल, वहिनी?"

"कबूल."

"आणि तुमचीही नव्हती."

वहिनींनी कपातला थंड झालेला शेवटचा घोट घेतला. त्या दिवशी धावत पोस्टातून घरी आल्या तेव्हा मागच्या खोलीत धूर, बाहेर शेजाऱ्यांची गर्दी, आणि पुढच्या खोलीत टेबलावर इस्त्री उभी. बटण चालू, तळ सणसणीत तापलेला, सकाळी कॉलरवर फिरवून त्यांनीच सोडली होती तशी. त्यांनी गुपचूप बटण बंद केलं होतं आणि बोट भाजलं होतं. त्या इस्त्रीने कशाला काही केलं नव्हतं. नुसती तापत उभी होती, इतकंच.

फॉर्म त्यांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला. असला प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नव्हता.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि उजव्या हाताचं ते बोट मुठीत घेतलं. "म्हटलं, नव्या घरात जाताना इस्त्री नवीन घेऊ. आपोआप बंद होणारी मिळते म्हणे हल्ली."